चिरकालवाचक इंग्रजी शब्द आणि मराठ्यांचे तह

दिनांक ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसरा बाजीराव पेशवा आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात वसई येथे तह झाला. त्याच्या इंग्रजी मसुद्यात या सख्याला 'पर्पेच्युअल' असे विशेषण लाविलेले आहे. पुढे ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या माळावर पेशव्यांचे व कंपनीचे सैन्य एकमेकांवर चालून गेले. म्हणजे हे 'पर्पेच्युअल' सख्य पुरती पंधरा वर्षेही टिकले नाही. नागपूरकर भोसल्यांशी १७ डिसेंबर १८०३ रोजी देवगाव येथे झालेल्या तहाच्या पहिल्याच कलमात शांतता व मैत्री 'पर्पेच्युअल' राहील असे लिहिले आहे. तिची अखेर २६ नोव्हेंबर १८१७ रोजी सीताबर्डीच्या टेकडीवर झाली. दौलतराव शिंद्यांशी सुर्जी-अंजनगाव येथे ३० डिसेंबर १८०३ रोजी झालेल्या तहाचे पहिले कलम याच शब्दाने नटलेले आहे. शिंद्यांचे आणि इंग्रजांचे सैन्य महाराजपूर व पनियार येथे लढले तो दिवस २९ डिसेंबर १८४३ हा होय. चाळीस वर्षांना एक दिवस कमी!

या हिशेबाचा जो अर्थ आपले इतिहासकार लावीत आले, तो सर्वांच्या परिचयाचा आहे: इंग्रज शब्दाला जागला नाही. त्यात तथ्य आहेच. परंतु 'जागला नाही' असे म्हणण्यापूर्वी तो शब्द मुळात काय सांगत होता, हे पाहिले पाहिजे. आपल्या शाळांतून आणि क्रमिक पुस्तकांतून 'इटर्नल', 'एव्हरलास्टिंग', 'पर्पेच्युअल', 'पर्मनंट' व 'पेरेनियल' या पाचही शब्दांना शाश्वत, चिरंतन अथवा कायम यांपैकी हाताला लागेल तो प्रतिशब्द दिला जातो. इंग्रजी लिहिणाऱ्याच्या मनात मात्र हे शब्द एका रांगेत बसलेले नसतात. त्यांची कुळे निराळी, त्यांच्या पोटातील चित्रे निराळी, आणि कायद्याच्या दरबारात त्यांचा मानपानही निराळा. हा भेद लक्षात न घेतल्यामुळे मराठ्यांच्या इतिहासाचे एक प्रकरण आपण अर्धेच वाचतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रथम घरचे नाते पाहू. इंग्रजीतील 'एव्हर' हा शब्द जुन्या इंग्रजीत 'सदा' अशा अर्थाच्या एका लहानशा शब्दापासून वाढला, आणि त्या लहानशा शब्दाचे मूळ लॅटिन 'ईव्हुम', ग्रीक 'आयॉन' व संस्कृत 'आयुस्' यांच्या मुळाशी एक आहे. लॅटिन 'ईव्हुम'पासून 'ईटर्नुस' आणि त्यापासून इंग्रजी 'इटर्नल' आला. त्याच 'ईव्हुम'पासून फ्रेंचांच्या मुखातून झिजत झिजत 'एज' आला. दीर्घायुष्याला इंग्रज 'लाँजेव्हिटी' म्हणतो, मध्ययुगीनाला 'मेडीव्हल' म्हणतो, कोट्यवधी वर्षांच्या भूस्तरीय कालखंडाला 'इऑन' म्हणतो. या सर्वांच्या पोटी आपले 'आयु' लपलेले आहे. भाषाशास्त्रज्ञ याच मुळापासून संस्कृत 'युवन्' आणि इंग्रजी 'यंग' हे शब्दही काढतात. 'यंग' आणि 'इटर्नल' ही सख्खी भावंडे आहेत हे ऐकून विद्यार्थी चकित होतात, आणि व्हावेतच. मूळ कल्पना वर्षांची मोजदाद ही नसून जिवातील जोमाची होती. ज्यात जोम आहे तो तरुण. ज्यातील जोम कधीच आटत नाही ते 'इटर्नल'.

एकाच बीजाची दोन रोपे दोन प्रदेशांत कशी वाढली, हे येथे पाहण्यासारखे आहे. युरोपात 'आयु'चा वेल मर्त्य माणसाला सोडून थेट देवाच्या दारी गेला. ख्रिस्ती धर्मग्रंथांच्या लॅटिन भाषांतरांनी 'ईटर्नुस' हे परमेश्वराचे आणि स्वर्गसुखाचे विशेषण करून टाकले. आपल्याकडे आयुष्य म्हणजे मोजके, दोरीसारखे तुटणारे, सटवाईने कपाळी लिहिलेले. 'चिरायु हो' म्हणताना देखील आपण लांबी मागतो, अनंतता मागत नाही. म्हणून 'इटर्नल' हा शब्द इंग्रज मनुष्य व्यवहाराच्या कागदात सहसा घालीत नाही. मराठ्यांशी केलेल्या तहांत जागोजाग 'पर्पेच्युअल' भेटतो, त्याचे कारण हेच. तहनामा लिहिणाऱ्या वकिलाला देवाच्या पंगतीतला शब्द नको होता.

'टिकणे' या अर्थाचे इंग्रजीतील साधे क्रियापद 'लास्ट' हे होय, आणि त्याची कथा याहूनही मनोरंजक आहे. जुन्या इंग्रजीत याच उच्चाराच्या जवळपासचे एक नाम होते. त्याचा अर्थ पाऊलखूण. त्या खुणेमागून जाणे, माग न सोडणे, हाती घेतलेले पार पाडणे, आणि अखेरीस टिकून राहणे, अशा पायऱ्यांनी क्रियापदाचा अर्थ चढत गेला. जोडे शिवणारा कारागीर ज्या पायाच्या आकाराच्या लाकडी साच्यावर कातडे ताणतो, त्या साच्याला इंग्रजीत 'लास्ट' म्हणतात, ते याच पाऊलखुणेमुळे. 'शिकणे' या अर्थाचे 'लर्न' हे क्रियापदही याच कुळातले. शिकणे म्हणजे माग काढीत जाणे. अध्यापकांना हे नाते आवडेल. मात्र 'शेवटचा' या अर्थाचा 'लास्ट' हा शब्द अगदी परका आहे; तो 'लेट' या शब्दाचे तमभाववाचक रूप होय. टिकणे आणि संपणे या दोन अर्थांचे दोन शब्द घासून घासून एकाच रूपाचे झाले, हा भाषेचा योगायोग.

आता लॅटिनमधून आलेले तीन दरबारी शब्द घेऊ. तिघांच्याही प्रारंभी 'पर' हा उपसर्ग आहे. त्याचा अर्थ आरपार, अथपासून इतिपर्यंत. 'पेरेनियल' म्हणजे वर्षभर आरपार चालणारे. याला आपला 'बारमाही' हा शब्द इतका नेमका जुळतो की 'चिरंजीवी वनस्पती' वगैरे प्रतिशब्द कोणी का घडवावेत हे कळत नाही. बारमाही नदी, बारमाही विहीर असे शेतकरी म्हणतो, त्यात शब्दार्थ आणि भावार्थ दोन्ही आले. 'पर्मनंट' म्हणजे शेवटपर्यंत राहून गेलेला. त्यात मुक्काम करण्याची, वस्तीची कल्पना आहे, आणि 'मॅन्शन' म्हणजे वाडा हा शब्दही त्याच क्रियापदाचा. आपण त्याला 'कायम' म्हणतो. अरबी 'काइम' म्हणजे उभा असलेला. इंग्रजाचा शब्द बसलेला आहे आणि आपला उभा आहे, एवढाच फरक. कचेरीतील 'कायम' नोकराच्या निवृत्तीची तारीख नेमणुकीच्या दिवशीच ठरलेली असते, आणि त्यात कोणाला विसंगती वाटत नाही. तेव्हा 'पर्मनंट' या शब्दाला अंताचे वावडे नाही; मधूनच कोणी उठवू नये, एवढेच त्याचे मागणे.

तिसरा 'पर्पेच्युअल'. त्याच्या मुळाशी 'एखाद्या दिशेने जाणे, झेपावणे' अशा अर्थाचे लॅटिन क्रियापद आहे. आरपार जाणारे, मध्ये खंड न पडणारे ते 'पर्पेच्युअल'. हेच मूळ संस्कृतात 'पत्' या धातूच्या रूपाने नांदते. त्याचा अर्थ उडणे आणि पडणे असा दोन्ही. पत्र, पतंग आणि पतन हे सर्व त्याचेच. वसईच्या तहातील विशेषणात पतनाचे बीज होते असे कोणी म्हणेल, तर तो केवळ विनोद समजावा. परंतु त्या शब्दाचा भर 'अखंड' यावर आहे, 'अनंत' यावर नाही, हे मात्र विनोदाने म्हटलेले नाही.

इंग्रजी कायद्याने या शब्दांना कसे वागविले, ते पाहिले म्हणजे हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. 'स्मरणातीत काल' या अर्थी इंग्रजीत 'टाइम इममेमोरिअल' असा प्रयोग आहे. कवीच्या तोंडी तो धूसर असेल. न्यायालयात त्याला तारीख आहे. पहिल्या एडवर्डच्या अमदानीत १२७५ साली झालेल्या वेस्टमिन्स्टरच्या कायद्यावरून ही स्मृतीची सीमा सिंहहृदयी रिचर्डच्या राज्याभिषेकाशी, म्हणजे ३ सप्टेंबर ११८९ या दिवशी, बांधली गेली. त्याच्या पलीकडचे ते स्मरणातीत! आपला 'सनातन' हा शब्दही मागेच पाहतो. संस्कृत 'सना' म्हणजे फार पूर्वीपासून. लॅटिनमधील वृद्धवाचक शब्द आणि त्यावरून आलेले 'सिनेट', 'सीनियर' हे त्याचे नातलग. पण 'सनातन' अमुक तारखेपासून सुरू होते असे म्हणण्याचे धाडस आपल्या एकाही धर्मशास्त्रकाराने केले नसते.

भविष्याकडे पाहणाऱ्या शब्दांविषयी तर इंग्रजी कायदा उघडउघड संशयी आहे. चर्चला दिलेली जमीन कधीच मोकळी होत नाही, कारण संस्था मरत नाही. म्हणून १२७९ साली अशा दानाला आळा घालणारा कायदा झाला. तशा धारणेला त्यांनी 'मॉर्टमेन', म्हणजे मृताचा हात, असे भयानक नाव दिले. पुढे १६८२ साली ड्यूक ऑफ नॉरफोकच्या खटल्यात एका नियमाचा पाया पडला आणि पुढील दीडशे वर्षांत तो पक्का झाला: मालमत्तेची व्यवस्था भविष्यात कितीही लांबवर बांधून ठेवता येणार नाही, त्या वेळी हयात असलेल्या माणसाचे आयुष्य आणि त्यावर एकवीस वर्षे, एवढीच मर्यादा. या नियमाचे नावच 'पर्पेच्युइटी'च्या विरोधातला नियम असे आहे. आपल्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या चौदाव्या कलमात तो थोड्या फरकाने आजही उभा आहे. ज्या वकिली परंपरेत 'पर्पेच्युइटी' हे एक टाळण्याजोगे संकट मानले गेले, त्याच परंपरेत वाढलेले लोक आमच्या सरदारांशी 'पर्पेच्युअल' मैत्रीचे कागद करीत होते. त्यांच्या लेखी या शब्दाचा तहनाम्यातील अर्थ 'मुदत नमूद केलेली नाही' एवढाच होता. मुदत नमूद नसली की ती परिस्थितीने ठरते, आणि परिस्थितीचा अर्थ प्रबळ पक्ष लावतो.

समोर बसलेल्या मराठी कारभाऱ्याच्या कानात मात्र दुसरीच भाषा घुमत होती. कंपनीच्या दरबारी पत्रव्यवहाराची भाषा त्या काळी फार्सी होती, आणि आपल्या घरी कारकुनाच्या लेखणीत सनदांची मराठी होती. त्या सनदांत चिरकालाचे शब्द ठरलेले असत: 'पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने' आणि 'आचंद्रार्क'. चंद्र आणि सूर्य असेपर्यंत, ही मोजणी ताम्रपटांइतकी जुनी आहे. शिलाहार व यादव काळातील गधेगाळींवर वरच्या बाजूस चंद्रसूर्य कोरलेले आढळतात आणि खाली दान मोडणाऱ्यास उद्देशून शिवीचे चित्र असते. ते ओंगळ आहे हे खरे. पण त्यात एक राजकीय शहाणपण आहे. दान देणाऱ्या राजाला पुरते ठाऊक होते की आपल्यामागून येणारा राजा ते मोडू शकतो. म्हणून ताम्रपटात तो पुढील राजांना विनवितो, पुण्याचा लोभ दाखवितो आणि पापाचे भय घालतो. 'आचंद्रार्क' या शब्दाच्या बळावर तो निर्धास्त राहत नाही.

मराठी सनदांत याहून व्यवहारी असे एक वाक्य वारंवार येते. गावच्या अंमलदारांना बजावलेले असते की प्रतिवर्षी नूतन पत्राचा आक्षेप न करणे; नक्कल ठेवून मूळ पत्र भोगवटियास परत देणे. म्हणजे चिरकालाचा रोजचा अर्थ असा की दरसाल नव्या कागदाची मागणी होऊ नये. तरीही धनी बदलला की लोक नजर घेऊन जात आणि जुन्या सनदेवर नवी करून आणीत. आमच्याकडील चिरस्थायित्व हे असे वारंवार ताजे केलेले असे. ज्योत विझू नये म्हणून तेल घालीत राहावे तसे. त्याचा पुरावा कागदापेक्षा भोगवट्यात असे. हीच गोष्ट पुढे इनामदारांना नडली. दक्षिण मराठा मुलखात, म्हणजे आजच्या बेळगाव-धारवाडच्या बाजूस, १८४३ पासून इनामांची चौकशी सुरू झाली आणि १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला पूर्ण अधिकार मिळाले, तेव्हा कमिशनपुढे भोगवटा सांगणारे पुष्कळ होते. कागद दाखविणारे थोडे.

या दोन समजुतींची समोरासमोर गाठ पडली ती साताऱ्याच्या प्रकरणात. २५ सप्टेंबर १८१९ रोजी कंपनीने प्रतापसिंह महाराजांशी करार करून सातारचे राज्य उभे केले. त्यात राजाबरोबर त्याच्या 'हेअर्स अँड सक्सेसर्स'चा उल्लेख आहे. मराठीत आपण याचे सहज 'वारस व उत्तराधिकारी' असे भाषांतर करतो आणि पुढे जातो. कारण 'वंशपरंपरेने' या आपल्या कानाला सवयीच्या शब्दाचेच ते इंग्रजी रूप वाटते. प्रतापसिंहांना १८३९ साली पदच्युत करण्यात आले आणि त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांना गादीवर बसविण्यात आले. प्रतापसिंहांच्या वतीने रंगो बापूजी लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत तेथे अर्ज-विनंत्या करीत राहिले. महाराज मात्र १८४७ साली काशीस वारले. ५ एप्रिल १८४८ रोजी आप्पासाहेबही निपुत्रिक वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी एक मुलगा दत्तक घेतला होता.

येथे प्रश्न दोन शब्दांवर आला. हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे दत्तक हा पुत्रच. तो पिंड देतो, म्हणून तो वंश चालवितो. मग तो 'हेअर' की नव्हे? आणि 'हेअर' नसल्यास 'सक्सेसर' हा दुसरा शब्द तहात कशासाठी घातला? मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी दत्तकाच्या बाजूने मत नोंदविले. इंग्रज अधिकाऱ्यांतही न्यायाची चाड असणारे लोक होते हे येथे नमूद केले पाहिजे. त्यांच्याच कौन्सिलातील विलोबी यांनी उलट मत दिले. लॉर्ड डलहौसी यांनी ३० ऑगस्ट १८४८ च्या आपल्या टिपणात निर्णय केला: दत्तकाला खासगी मालमत्ता मिळेल, राज्य मिळण्यास सार्वभौम सत्तेची संमती हवी, आणि ती येथे घेतलेली नव्हती. राज्य वाढविण्याची अशी न्याय्य संधी दवडू नये, असेही त्यांनी त्याच टिपणात मोकळेपणाने लिहिले. कंपनीच्या संचालकांनी त्यावर मान्यतेची मोहोर उठविली आणि १८४९ साली सातारा खालसा झाला.

डलहौसींनी तहातील शब्द पुसला नाही, ही गोष्ट ध्यानात घ्यावी. शब्द होता तेथेच राहिला. त्याचा अर्थ कोणत्या शास्त्राने लावावयाचा, एवढेच त्यांनी ठरविले. 'सक्सेसर' म्हणजे जो मागून येतो तो. परंतु कोणी यावे हे ठरविणारा जर दुसराच असेल, तर तो शब्द नुसत्या रिकाम्या आसनासारखा आहे. सातारच्या दरबारात इंग्रजी कायदा जाणणारा एखादा पंडित १८१९ साली असता आणि त्याने 'दत्तकासह' एवढा एक शब्द तहात घालवून घेतला असता, तर राज्य वाचलेच असते असे म्हणवत नाही. परंतु डलहौसींना टिपण लिहिणे पुष्कळ अवघड गेले असते. झाशी व नागपूर ही राज्ये १८५४ साली याच वाटेने गेली.

याला पूरक असे एक उदाहरण बंगालचे आहे. लॉर्ड कॉर्नवॉलिस यांनी २२ मार्च १७९३ रोजी जमीनदारांच्या साऱ्याचा आकडा सदासर्वकाळासाठी ठरल्याचे जाहीर केले. याआधी बंदोबस्त दहा वर्षांचा होता आणि तो इतक्या घाईने 'पर्मनंट' करू नये असे सर जॉन शोअर यांचे म्हणणे होते. बंगालीत त्याला 'चिरस्थायी बंदोबस्त' म्हणतात, आपण 'कायमधारा' म्हणतो. तो बराच टिकला. बिहारात १९५० च्या आणि पश्चिम बंगालात १९५३ च्या कायद्याने त्याचा शेवट झाला. एकशे साठ वर्षे म्हणजे वसईच्या 'पर्पेच्युअल'पेक्षा दसपटीहून अधिक. तेथे वचन टिकण्यात उभयतांचा स्वार्थ होता. शब्दाच्या अंगचे बळ तेथेही निराळे नव्हते.

१८५७ च्या उठावानंतर इंग्रज सरकारचे या शब्दाविषयीचे धोरण बदलले. लॉर्ड कॅनिंग यांनी १८६२ साली संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. त्यांत राणीची इच्छा व्यक्त करताना वापरलेले क्रियापद नेमके 'पर्पेच्युएट' हेच आहे: संस्थानिकांच्या राजवटी अखंड चालाव्यात. या वेळी दत्तकाचा उल्लेख स्पष्ट होता, आणि त्याबरोबर अटही स्पष्ट होती: घराणे राजमुकुटाशी एकनिष्ठ राहील आणि तहनाम्यांच्या शर्ती पाळील तोपर्यंत. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या अनुभवाने दोन्ही पक्ष शहाणे झाले होते असे म्हणावयास हरकत नाही. बडोद्यास मल्हारराव गायकवाडांना १८७५ साली दूर केल्यावर जमनाबाईंनी त्याच वर्षी कवळाण्याचा मुलगा दत्तक घेतला, आणि सातारच्या दत्तकाला जे मिळाले नाही ते सयाजीरावांना मिळाले. त्यातून बडोद्याच्या मराठी जगाचे केवढे कल्याण झाले, हे या पत्रिकेच्या वाचकांना सांगावयास नको.

ग्वाल्हेर व इंदूर ही राज्ये १९४८ साली मध्यभारत संघात सामील झाली आणि बडोदे १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. विलीनीकरणाच्या करारांनी राजांना तनखे मिळाले आणि राज्यघटनेच्या २९१ व्या कलमाने त्यांना हमी दिली. १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने ते कलमच वगळण्यात आले.